महाराणीला उठवायचं काम

महाराणीला उठवायचं काम चार वर्षं माझ्याकडे होतं. वसतिगृहात आमची एकच खोली, समोरासमोर दोन खाटा. मी पाचला उठायचे, माझं आवरायचे, मग तिचं पांघरूण ओढायचे. "ताई, पाचच मिनिटं गं!" ती भिंतीकडे तोंड फिरवून म्हणायची. शेवटी मीच तिला हाताला धरून मैदानावर न्यायचे आणि तिथे बाईसाहेब जांभया देत मला मागे टाकायच्या.

चीड येते, का नाही येणार? मी पायऱ्या चढून-उतरून गुडघे झिजवले, गोड सोडलं, सख्ख्या भावाच्या लग्नातून दुसऱ्या दिवशी सरावाला परत आले. ती खाटेवर लोळत बिस्किटं खायची. सर स्टॉपवॉच बघून म्हणायचे, "हिला देवानेच दिलंय." मग मला काय दिलं होतं? गजराचं घड्याळ?

यंदा पंधराशे मीटरला संघात एकच जागा होती आणि पुढच्या वर्षी मी वयात बसणार नव्हते. निवडीची शर्यत सातला. तिसऱ्या पुकाऱ्याला जी रेषेवर नसेल, ती बाद. त्या सकाळी मी बूट हातात घेतले आणि दार हळूच ओढून घेतलं. तिला उठवलं नाही. हो, मुद्दाम.

तिसरा पुकारा चालू असताना ती धापा टाकत आली. केस पिंजारलेले, छातीवर लावायचा नंबर हातातच. "ताई, लाव ना!" मी लावला. चारही पिना. मेली सवय!

मग जीव तोडून धावले. शेवटच्या फेरीत माझ्या छातीचा भाता झाला होता, तेव्हा ती शेजारून पुढे गेली. नुसती गेली. मी दुसरी आले. वेळ मात्र माझी आजवरची सगळ्यात चांगली होती, आणि तिचीही.

गवतावर बसून बूट सोडत होते, तर ती गळ्यातच पडली. "मुद्दाम झोपू दिलंस ना? काय मस्त झोप झाली! सख्खी बहीणसुद्धा एवढं करत नाही गं." मला रडू फुटलं. तिला वाटलं, तिच्यासाठीच रडतेय.

तेवढ्यात सर आले. "आज थोडक्यात वाचली ही. स्पर्धेला हिच्याबरोबर कोणीतरी हवं. तिथे हिला उठवणार कोण? तू जाशील?"

नाही म्हणायलाच मी तोंड उघडलं होतं.

"किती वाजता उठवायचं?" मी विचारलं.