टाक म्हणून पुजलेले बटण

हे विश्वंभरा, कथलाच्या तुकड्यालाही स्मृती देणाऱ्या दयाळा, तुला वंदन.

मी एका इंग्रज सैनिकाच्या लाल डगल्यावरचे बटण बोलतो आहे. अठराव्या शतकात अमेरिकेतील युद्धासाठी पायदळाची एक पलटण घाईने उभी राहिली. साच्यात कथील ओतून, कपाळी पलटणीचा आकडा उमटवून मला घडवले. युद्ध संपताच पलटण मोडली. तिचे निशाणही कोणी जपले नाही. माझा सैनिक त्याआधीच कैदी होऊन अमेरिकेतल्याच पार्सिपनी गावाजवळच्या शेतात राबत होता. तिथेच तो तापाने गेला. त्याला उचलून नेताना माझा दोरा तुटला आणि मी मातीत निजलो.

१९८६च्या उन्हाळ्यात त्याच जमिनीवरच्या घरामागे वसुधाबाई मेथीसाठी वाफा करीत होत्या. त्यांच्या कुलदेवीचा टाक देशातून येताना हरवला होता. माझी वाटोळी, काळवंडलेली काया पाहताच त्यांनी मला कपाळी लावले. "आई, शोधत आलीस गं!"

मग रोज स्नान, गंध, साखरेचा नैवेद्य! मी संकोचून जाई. त्या मला रांगोळीने घासून उजळवीत, आणि त्यांच्याच हातांनी माझा आकडा वर येई. या माउलीचे समाधान माझ्यामुळे मोडेल, एवढीच मला भीती होती.

पितृपंधरवड्यात नात विनीताने मला निरखले. "आजी, यावर नंबर आहे! हे रेडकोटचं बटण आहे. स्कूल ट्रिपला पाहिलंय, आय स्वेअर!"

मुलगा बाळ खदखदून हसला. "अगं आई, तुझे वडील इंग्रजांना घालवायला तुरुंगात गेले, आणि तू इंग्रजालाच नैवेद्य दाखवतेस!"

"सॉरी आजी," विनीता पुटपुटली. वसुधाबाईंनी मला उलटे करून दोऱ्याने झिजलेली कडी चाचपली.

"फार जपून शिवत होतं रे कुणीतरी. कुणाचं पोर, कुठं गेलं; पाणी तरी दिलं का कुणी?"

"आई, तो ख्रिश्चन असणार."

"मग त्याला तहान नव्हती?"

सर्वपित्रीला घरच्यांचे तर्पण झाल्यावर बाळने तीळ घातलेल्या पाण्याची आणखी एक ओंजळ सोडली. माझ्या अनाम सैनिकासाठी आणि त्याच्या विसरलेल्या पलटणीसाठी. या वेळी तो हसला नाही.

आता कोल्हापूरहून नवा टाक आला आहे. मी देव्हाऱ्याच्या खालच्या पायरीवर, छोट्या डबीत आहे. देव म्हणून नव्हे, पाहुणा म्हणून. मी तृप्त आहे.

श्रोतेहो, तुमची लेकरे ज्या मातीत जातील, तिथे त्यांना पाणी देणारा हात भेटो. घरोघरी दिवा तेवत राहो. सर्वांचे कल्याण असो.