सर्व्हिसवाला नवरदेव

"तुम्ही सर्व्हिसला आहात, म्हणजे दिवसभर करता काय?"

पाहायला आलेल्या मुलाला हे विचारून दाखव, अशी पैज आमच्या व्हॉलीबॉलच्या पोरींनी लावली होती. मुलीनं विचारायचं नसतं. पोहे द्यायचे, नाव सांगायचं, पाया पडायचं. पण मी नुकतीच मॅट्रिक पास झाले होते, आणि तालुक्याच्या सामन्यात माझी सर्व्हिस समोरच्या पोरींना एकदाही परतवता आली नव्हती. बाबांच्या लेखी ती सर्व्हिसच नव्हे. सायकलच्या दुकानात होते तीही फुकटच. खरी सर्व्हिस जावयाला असते ती.

मुलगा जागेश्वर पोहे खात होता. त्याचे वडील मारोतराव एकटेच बोलत होते.

"शिक्षण किती झालं जी?" बाबांनी विचारलं.

"सर्व्हिसले आहे."

"बिडी, तंबाखू?"

"सर्व्हिसवाला आहे तो."

आईनं दाराआडून शेतीचं विचारलं.

"सर्व्हिस असल्यावर शेती कायले पाहिजे?"

बाबा प्रत्येक उत्तराला मान डोलवत होते. होकार गेला की अकरावीला नाव घालायचं नाही, हे त्यांनी आदल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. म्हणून मी विचारलं.

जागेश्वरनं बापाकडे पाहिलं. मग खिशातून प्लास्टिकच्या पाकिटात जपलेलं एक कार्ड काढून पुढं ठेवलं. भंडाऱ्याच्या एम्प्लॉयमेंट ऑफिसात, नोकरी हवी म्हणून नाव नोंदवल्याचं कार्ड. मागं नूतनीकरणाचे दोन शिक्के.

"सध्या घरीच राह्यतो," तो म्हणाला. "कॉल आला का जाईन."

"कार्ड निघालं म्हणजे सर्व्हिस लागल्यासारखीच आहे," मारोतराव म्हणाले.

आणि आमचे बाबा, शाळा कमिटीचे मेंबर यादोराव, ते कार्ड दोन्ही हातांत धरून प्रसादासारखं पाहत होते.

पाहुणे गेल्यावर आई कडाडली, "तुले इचारायले कोणं सांगतलं होतं वो?"

"पोरगा चांगला आहे," बाबा म्हणाले. "आज ना उद्या नंबर लागनच त्याचा."

"ते कार्ड कोणत्याबी मॅट्रिकवाल्याले भेटते, बाबा," मी म्हटलं. "उद्या पहिल्या गाडीनं भंडाऱ्याले जाऊन मी माह्यं काढून आणीन. येतायेता साकोलीले उतरून अकरावीत नाव टाकीन. मारोतरावले नकार तुम्ही कळवा. नाही कळवला, तर पोस्टकार्ड मी लिहीन."