उतरता उजेड

यंत्रावरचा आकडा पुन्हा उतरला आणि तिला हायसं वाटलं. बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यापासून प्रयोगशाळेत तिचं एकही काम धड झालं नव्हतं. ‘हिचं अर्धं लक्ष पाळणाघरात’ असं तोंडावर कुणी म्हणत नव्हतं. पण न बोललेलंही तिला ऐकू यायचं. आणि खोटं कशाला बोला, अर्धं लक्ष तिकडे होतंच.

काम सांगायला सोपं. उंदराच्या यकृतातल्या पेशींची पातळ पटलं पाण्यात कालवायची आणि त्यात एक रंगद्रव्य सोडायचं. नुसत्या पाण्यात ते मलूल पडून राहतं. पटलाला चिकटलं की निळसर चमकतं. मग थेंबथेंब औषध घालायचं. औषधानं जागा बळकावली की रंगद्रव्य हुसकलं जातं, चमक उतरते. जितकी चमक उतरली तितकं औषध चिकटलं, असं धरायचं.

तिचं औषध तर मुंगळ्यासारखं चिकटत होतं. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी चष्मा कपाळावर चढवून आलेख पाहिला.

“उद्याच्या बैठकीत हाच पहिला दाखवू,” त्या म्हणाल्या. “मग पुढच्या प्रकल्पात तुला घेण्याविरुद्ध कुणी तोंड उघडणार नाही.”

पलीकडच्या टेबलावरचा सहकारी दिवसभर बोलायचा म्हणून त्याला सगळे रेडिओ म्हणत. “म्हणजे आता आम्ही हिच्याकडे शिकायचं,” तो म्हणाला. “वाईट दिवस आले.”

संध्याकाळी ती तरंगतच घरी आली. लेकीला सकाळपासून ताप होता, म्हणून सासूबाई तिला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. औषध किती उरलंय ते बघायला तिनं बाटली खिडकीसमोर धरली. औषध गडद पिवळं, मागचा पडदा निळा. पण बाटलीतून तो निळा दिसेना; पार काळा पडला होता.

ती तशीच उभी राहिली.

“अगं, बाटलीकडे काय बघतेस? पोरीकडे बघ,” सासूबाई म्हणाल्या.

तिचं प्रयोगशाळेतलं औषधही असंच पिवळंजर्द होतं. रंगद्रव्य हुसकलं नसेल, जागच्या जागी चमकत असेल आणि वरच्यावर औषधच तो निळा उजेड गिळत असेल तर? हे तपासायची एक चाचणी असते. परवा ती करायला बसली तेव्हाच पाळणाघरातून फोन आला होता. नंतर आलेख इतका देखणा आला की चाचणीची कुणाला आठवणच राहिली नाही.

“आई, आपलं काही चुकलं आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नाही तर?”

“तुझ्या आलं ना? मग कुणाच्याच नाही कसं?” सासूबाईंनी चमचा पुढे केला. “धर तिचे हात. थुंकते सगळं.”

सकाळी बैठकीआधीच तिनं चाचणी लावली. पटलं घेतलीच नाहीत. पाण्यातही आपसूक तसंच निळसर चमकणारं दुसरं द्रव्य घेतलं, ज्याला औषधाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यात औषधाचे थेंब घातले. चिकटायला काही नसतानाही चमक उतरू लागली.

मॅडम आल्या. तिनं पडद्यापासून सगळं सांगितलं, फोनही लपवला नाही.

मॅडमनी दोन्ही आलेख शेजारी ठेवून पाहिले. “म्हणजे कालची निम्मी घट खोटी.”

“निम्म्याहून जास्तच असेल.”

“हं. औषध पिवळं आहे हे मलाही दिसत होतं. आपण दोघी अर्ध्या हळकुंडानं पिवळ्या झालो.” त्यांनी पहिला आलेख बैठकीच्या कागदांतून काढून खणात टाकला.

“लेकीचं नाव लेखावर घालावं लागेल,” रेडिओ म्हणाला. “औषध प्यायची ती, शोध लावायची ती.” त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही, पण तिच्या छातीवरचं ओझं थोडं हललं.

“आणि प्रकल्प?” तिनं विचारलं.

मॅडमनी कपाटातून अरुंद काचेची नळी काढून तिच्या हातात दिली. “यात उजेडाला औषधातून थोडंच अंतर जावं लागतं. सगळं पहिल्यापासून कर, औषध पातळ घेऊन. उरेल ते खरं, तेच पुढच्या बैठकीत दाखवू.” दारापाशी जाऊन त्या वळल्या. “घरून फोन आला तर जा. चाचणी अर्धी राहिली असेल तर मला सांगून जा. मी बसेन.”

तिनं मान हलवली आणि नळी उजेडाकडे धरली. कुठे ओरखडा नव्हता.