त्या दुपारी मी वाजले नाही

टिंगटाँग. उठू नका, दाराशी कोणी नाही. मी अनंतरावांच्या दारावरची बेल, आज माझी मीच बोलतेय.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, मला ठाऊक नाही. मला आठवतं ते औरंगपुऱ्यातलं इलेक्ट्रिकचं दुकान. अनंतरावांनी पुंडलिकनगरात घर बांधलं तेव्हा तिथली एकेक बेल वाजवून बघितली आणि माझ्या आवाजावर मान डोलावली. माझं बटण दाराबाहेर, मी आत भिंतीवर. बोट पडलं की कोण आलंय ते मला कळतं. कुरिअरवाला दाबून धरतो, गल्लीतली पोरं दाबून पळतात. शेजारच्या सरूबाई मात्र दाबावं की नाही, असा विचार करत दाबायच्या.

सरूबाईंचे यजमान मोतीराम रिक्षा चालवायचे. अनंतरावांची सून मनस्विनी डॉक्टर आहे. मेडिसिनचं प्रशिक्षण संपवून ती स्पेशालिस्टच्या लेखी परीक्षेला पहिल्यांदा बसली, तेव्हा मोतीरामच तिला केंद्रावर घेऊन गेले आणि पेपर सुटेपर्यंत उन्हात थांबले. त्या खेपेला ती थोडक्यात राहिली.

यंदा तिनं पुन्हा अर्ज भरला. मागची भिंत पांढरी नाही म्हणून फोटो परत आला, मग हॉस्पिटलच्या दाखल्यावर शिक्का अस्पष्ट निघाला. अर्ज एकदाचा गेला, त्या संध्याकाळी अनंतराव स्टुलावर चढले. "आता परीक्षा होईस्तोवर या घरात आवाज नको," म्हणाले आणि माझी वायर काढून ठेवली. 'बेल बंद आहे' अशी चिठ्ठी दारावर लावायचं त्यांच्या मनात होतं. ते राहून गेलं.

परीक्षा तोंडावर आली होती. अनंतराव खुलताबादला लग्नाला गेले होते, मनस्विनीचा नवरा श्रीरंग कंपनीत. ती वरच्या खोलीत दार लावून वाचत होती. दुपारी बटणावर सरूबाईंचं बोट पडलं. थांबून पुन्हा पडलं. मग तर त्यांनी कधी दाबलं नव्हतं इतक्या जोरात दाबलं. मी वाजले नाही. बाहेर थोडा वेळ चपलांची चुळबुळ झाली आणि चपला परत गेल्या.

संध्याकाळी अनंतराव आले तर मोतीरामांच्या दारात माणसं जमलेली. मोतीरामांचं तोंड वाकडं झालं होतं, उजवा हात उचलला जात नव्हता. सरूबाई दुपारपासून तेल चोळत बसल्या होत्या. अनंतरावांनी हाक मारली तशी मनस्विनी अनवाणी धावली. हॉस्पिटलात नेलं, जीव वाचला. पण मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवणाऱ्या इंजेक्शनची वेळ केव्हाच टळून गेली होती.

दोन दिवसांनी सरूबाई दाराशी आल्या. मनस्विनी उंबऱ्यातच उभी राहिली.

"काकू, मी घरातच होते. वरच होते."

"व्हय, ठावं हाय. बटन दाबलं की मी."

"मग दार का नाही ठोकलं? हाक का नाही मारली?"

"तुमचा अभ्यास व्हता ना, ताई. म्हनलं, लई मोठी परीक्षा हाय, कशाला उठवायचं. वारं लागलं असंल, उतरंल."

सरूबाईंच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मनस्विनीला सोपं गेलं असतं. अनंतराव आतून उठून आले. "वहिनी, वायर मी काढली होती," एवढंच म्हणाले आणि हात जोडून उभे राहिले.

"मी परीक्षेला बसत नाही," मनस्विनी म्हणाली.

"बसा," सरूबाई म्हणाल्या. "तुमी नाय बसलात तर ह्यांचा हात वर व्हनार हाय का?"

ती बसली. एका पेपरावरून परतली ती चपला न काढता पायरीवरच टेकली. अनंतरावांनी विचारलं, "कसा गेला?"

"लकव्यावर प्रश्न होता, बाबा. पहिल्या काही तासांत काय करायचं. सगळं लिहिलं. एक शब्द चुकला नाही."

अनंतरावांनी तिच्यासाठी आणलेला पाण्याचा पेला हातातच धरून ठेवला.

ती पास झाली. दारावर नवी पाटी लागली, पण पेढे वाटले नाहीत. रोज सकाळी दवाखान्यात जायच्या आधी ती मोतीरामांच्या हाताचा व्यायाम करून घेते. बोटं थोडी उघडतात, मिटतात. रिक्षा विकली गेली.

माझी वायर अनंतरावांनी केव्हाच जोडली. मी आता चांगली वाजते, सगळ्यांसाठी वाजते. सरूबाई मात्र मला हात लावत नाहीत. फाटकाशी थांबून वर बघतात, कुणाचं लक्ष गेलं तर ठीक, नाहीतर निघून जातात.

तुमच्याकडे एवढंच मागते. कुणाच्या दाराशी अडचण घेऊन गेलात आणि माझ्यासारखी एखादी वाजली नाही, तर परत फिरू नका. दार ठोका, नाव घेऊन ओरडा. आतलं माणूस कितीही मोठ्या कामात असू दे, त्याला उठवा.