भिकुबाईंच्या फोटोखालच्या चिठ्ठ्या

मी एक जुना फळा आहे, पण मित्रांनो, माझ्यावर कधी खडू फिरला नाही. माझ्यावर फोटो लागत. जळगावातल्या एका स्टुडिओच्या माडीवर जीवराम सुताराने मला घडवलं, १९८६ साली. सागाची चौकट, आत मऊ पुठ्ठा, वर हिरवं कापड. टाचणी सहज जावी आणि सहज निघावी, एवढंच माझं काम.

महिन्यातल्या एका रविवारी दुपारी हौशी छायाचित्रकार तिथं जमत. कोणी फैजपूरहून येई, कोणी धुळ्याहून. माणसांचे चेहरे टिपायचे, मोठे करून माझ्यावर लावायचे आणि काय जमलं, काय हुकलं ते एकमेकांना सांगायचं. स्टुडिओचे मालक हिलालभाऊ सगळ्यांत जाणते. बोलायला तिखट, पण "उजेड बाजूने घे" असं म्हणताना स्वतः उठून खिडकीचा पडदा सरकवून दाखवत. त्या वर्षांत मला माझ्या कामाचा अभिमान होता.

पुढे कोणीतरी म्हणालं, तोंडावर खरं बोलायला भीड पडते. मग चिठ्ठ्या सुरू झाल्या. फोटोखाली चिठ्ठी टाचायची, नाव लिहायचं नाही. माणसं तीच होती, पण त्यांची भाषा पालटली. 'कॅमेरा विकून टाका.' 'हा फोटो की शिक्षा?' शेजारी बसून चहा पिणारेच असं लिहीत. ज्याला चिठ्ठी बोचे, तो पुढच्या वेळी दुसऱ्याच्या फोटोखाली अधिक विष ओती. कोणी कोणाकडे सरळ बघेना. टाचण्यासुद्धा आता दात खाऊन खुपसल्यासारख्या घुसत.

धुळ्याचा निंबा वीज मंडळात कारकून होता. फोटोची कला तो हिलालभाऊंकडूनच शिकला होता. त्याची आई भिकुबाई. तिच्या चेहऱ्यावर कोडाचे पांढरे डाग होते. लग्नाकार्यात फोटो काढायची वेळ आली की ती पदर ओढून मागे सरायची. निंबाने तिला कितीतरी दिवस समजावलं आणि एका सकाळी दारातल्या उजेडात बसवून तिचा फोटो काढला. डाग झाकले नाहीत. लोकांचं कौतुक तिनं स्वतः ऐकावं, म्हणून त्या रविवारी तो तिलाही घेऊन आला.

फोटोखाली भराभर चिठ्ठ्या लागल्या. भिकुबाईला वाचता येत नव्हतं. निंबा चहा सांगायला खाली गेला, तेव्हा तिनं जवळ उभ्या असलेल्या हिलालभाऊंना विचारलं, "भाऊ, काय लिखेल शे? माले वाचीसन सांगा ना."

"चांगलं लिहिलंय, अक्का," ते म्हणाले.

ती हसली. तेवढ्यात निंबा वर आला. त्यानं चिठ्ठ्या वाचल्या आणि त्याचं भान सुटलं. एक चिठ्ठी उपटून त्यानं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली, "डाग झाकता येत नसतील, तर चेहरा तरी दुसरा शोधायचा."

"हे तुमचं अक्षर आहे, भाऊ."

"फोटोबद्दल लिहिलंय," हिलालभाऊ म्हणाले. "तुझ्या आईबद्दल नाही."

"मग फोटोत कोण आहे?"

"टीका सोसत नसेल तर लावू नये," मागून एक आवाज आला. दुसऱ्यानं त्याला शिवी दिली. खुर्च्या सरकल्या, कॉलर धरल्या गेल्या. त्या गोंधळात भिकुबाईनं पदर नाकापर्यंत ओढून घेतला. निंबानं फोटो इतक्या जोरात ओढला, की माझं कापडच फाटलं. मायलेक जिना उतरून गेले.

पुढच्या महिन्याच्या रविवारी जमलेले एकमेकांवर दोष ढकलत राहिले. हिलालभाऊ शेवटी बोलले. ते माफी मागायला धुळ्याला जाऊन आले होते.

"निंबा दारातच उभा राहिला," ते म्हणाले. "अक्कानं चहा दिला. म्हणाली, 'डाग तं शेतस भाऊ. तुमी लिखं, त्यानं काही नही. पन निंबा आते मन्हा फोटोच काढत नही.'"

निंबानं आईचे फोटो काढणंच सोडलं होतं. हिलालभाऊंनी सगळ्या कोऱ्या चिठ्ठ्या फाडल्या. बऱ्याच जणांना ते पटलं नाही. त्यांनी दुसरीकडे मंडळ काढलं. निंबा पुन्हा आला नाही. माणसं रोडावली आणि मला भिंतीकडे तोंड करून ठेवून दिलं.

मित्रांनो, खाली दुकानात आता संगणक आलाय. त्यावर फोटो लावतात आणि कुठकुठली माणसं नाव न सांगता त्यावर शेरे मारतात, असं कानावर येतं. चुका जरूर दाखवा. उजेड कुठून हवा होता, तेही सांगा. पण लिहिण्याआधी एवढं करा: फोटोतलं माणूस तुमच्या शेजारी बसलंय, त्याला वाचता येत नाही आणि तुम्हीच त्याला ते वाचून दाखवणार आहात, असं समजा.