आसरांना वाहिलेली क्रीम

"मथुरामावशी, ही क्रीम नकली हाय हे माहीत असून तुमी काऊन घेता?"

हा प्रश्न मी भर दुकानात विचारला, आणि तोही कबड्डीतल्या आवाजात. पैज नेहा आणि सपनाने लावली होती. झालं असं की आदल्या दिवशी मैदानात चढाई करताना माझ्या बुटाचा तळ सुटून थेट पंचाच्या पायाशी गेला. बूट मोठ्या कंपनीचा, म्हणजे कंपनीचं नाव मोठं, बूट आमच्याच दुकानातला. दोघी हसून हसून लोळल्या. मग नेहा म्हणाली, "तुमच्या दुकानात सगळंच असं. लोकं काऊन घेतात व? दम्मुंटे गिऱ्हाइकालेच विचार!" नेहा तेलुगू माध्यमात शिकते, त्यामुळे हिंमत काढायची असली की तिला 'दम असेल तर' हेही तेलुगूतच सुचतं. आणि माझी हिंमत कोणी काढलेली मला चालत नाही. मंडलाच्या, म्हणजे तालुक्याच्या, कबड्डी संघात निवड झाल्यापासून तर अजिबात नाही.

आमचं दुकान तेलंगणाच्या सीमेवरच्या जैनथमध्ये, बस थांब्याजवळ आहे. बांगड्या, टिकल्या, पर्स, बूट, क्रीम. रविवार होता, बाबा चहाला गेले होते आणि गल्ल्यावर मी. मैत्रिणी बांगड्यांच्या स्टँडमागे लपून ऐकत होत्या.

मला वाटलं, मथुरामावशी चिडतील. त्यांनी उलट इकडेतिकडे पाहिलं आणि काउंटरवर वाकल्या.

"दुकानात नकली असते, बाई. घरी जाईलोक असली होते."

"ते कसं काय?"

"आसराईपाशी ठेवतो आमी. पयले त्याईच्या तोंडाले लावाची, मंग उरली ते आपली. देवीनं लावली म्हंजे असलीच झाली नं?"

"आन् नाई झाली तं?"

"तं डबी तं हाय!" मावशी हसल्या. "पाहुणे येऊन राह्यले पूनमले पाहाले. आरशापाशी डबी दिसली पायजे. आतलं कोण वास घेऊन पाह्यते? नाव वाचतेत लोकं."

त्यांनी दोन डब्या पदरात बांधल्या आणि गेल्या.

बांगड्यांमागून हसण्याचा आवाज यायला हवा होता. आला नाही. सपनाचा चेहरा उतरला होता. "आसराईचं नाव दुकानात नको होतं काढाले," असं म्हणून ती घरी निघून गेली.

आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. पैनगंगेचा एक डोह आहे, त्याच्या काठी उंबराखाली त्यांचे सात शेंदरी दगड आहेत. बाया तिथे ओटी भरतात, हिरव्या बांगड्या, फणी, आरसा वाहतात आणि वाहिलेल्यातलं थोडं प्रसाद म्हणून परत आणतात. हे मला लहानपणापासून माहीत होतं. क्रीमचं माहीत नव्हतं. आणि आणखी एक गोष्ट डोक्यात वळवळत होती. पूनमताई, मथुरामावशीची मुलगी, जिने मला सायकल शिकवली, जी रोज संध्याकाळी थांब्यावर भेळ खायला यायची, ती कितीतरी दिवसांत दिसलीच नव्हती. विचारलं की मावशी म्हणायच्या, "लग्नाची पोरगी हाय, उन्हात कायले फिरवू?"

"चल, डोहावर पाहून येऊ," बाबा चहाहून परत आले तशी मी नेहाला म्हणाले.

"आता? दुपारच्याले? पागल झाली का तू? दुपारी त्या बाहेर येऊन बसतात."

"मंग तं दिसतीनच. दम्मुंदा?"

आता तिची हिंमत मी काढली होती. ती सायकलच्या मागे बसली.

कापूस वेचणीचे दिवस होते, पण जेवणाच्या वेळेमुळे शेतात कोणी नव्हतं. फुटलेला कापूस दोन्ही बाजूंना पांढराशुभ्र, आणि वारा नसताना मध्येच एखादं झाड हलायचं. नेहाने बडबड थांबवली. मग मीही थांबवली. उतारापाशी सायकल लावून आम्ही पायी उतरलो, तर चिखलाचा आणि शेवाळाचा वास यायच्या ऐवजी गुलाबाचा आला. गोड, जाड. आमच्या दुकानाचा वास. आमच्या मधल्या फळीवरच्या क्रीमचा.

"चंचल," नेहा माझा दंड धरून कुजबुजली, "आसरा किती असतात व?"

"सात."

"मंग हे आठ काऊन?"

मी पाहिलं. उंबराच्या सावलीत पाण्याकडे तोंड करून ओळीने बसलेले दगड. लहानमोठे, सगळ्यांवर हिरव्या खणाचे तुकडे टाकलेले. शेवटचा जरा मोठा. त्याच्यावरचा खण नवा होता.

मग तो शेवटचा दगड उठला.

नेहा ओरडली की मी, ते आजही ठरलेलं नाही. नेहा वर पळाली एवढं नक्की. मी पळाले नाही. हे शौर्य नव्हतं, पाय हललेच नाहीत. हिरवी ओढणी डोक्यावरून घसरली आणि ती वळली. तिचा चेहरा राखेसारखा होता. गोरा नाही, राखेसारखा. गालावर पांढरे डाग, डोळ्यांभोवती काळसर कडा आणि ओठांच्या कोपऱ्यापासून कातडीला भेगा. डोळे तेवढे ओळखीचे होते.

"चंचल? तू होय? नाव घेऊन बोलावलं तं ओ देऊ नोको इथं," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. "मीच हाय व. पूनम."

"ताई, हे काय झालं?"

"गोरी होऊन राह्यली."

ती हे खरंच मानून बोलली. तिने मला जवळ बोलावलं आणि दगड दाखवले. त्यांच्या तोंडावर बोटांनी क्रीम लावलेली होती, थरावर थर. जिथे क्रीम लागली होती तिथला शेंदूर उडून खालचा दगड उघडा पडला होता, पांढरट, तडकलेला. सातही दगडांचे चेहरे आणि ताईचा चेहरा, सगळे एकाच घरातले वाटत होते. पुढे नैवेद्याचा गूळ ठेवला होता. त्याला लागलेल्या मुंग्यांची रांग दगडापर्यंत येत होती, आणि क्रीमचा ओघळ सुरू होतो तिथे, कुणी हटकल्यासारखी, वळून परत जात होती.

"पयली डबी लावली तं लय आग झाली," ताई सांगत होती. "आई म्हणे, नकली हाय म्हणून जळते. मंग इथं ठेवून आणली. तव्हापासून पाहा, आगच नाई होत." तिने आपला गाल चिमटीत धरला आणि पिळला. इतका जोरात की मीच कळवळले. ती शांत होती. "काहीच लागत नाई आता. बोटं बी झोपल्यावानी राह्यतात. असली झाली, नाई का?"

पाण्यात तिचं आणि दगडांचं प्रतिबिंब पडलं होतं. पाणी हललं की त्यातला कोणता चेहरा कोणाचा, ते कळत नव्हतं. तिथे जास्त वेळ थांबले तर मीही ओळीत बसेन असं मला का वाटलं, मला सांगता येणार नाही.

"ताई, दवाखान्यात चल. आदिलाबादले. उद्याच."

"नाई."

"काऊन?"

"नेरडीगोंडा गावाले एका लग्नात एकदा नवरीच्या डबीतली लावली होती मी. असली. त्या दिवशी पयल्यांदा लोकं माह्याकडं पाहत होते व, चंचल. पयल्यांदा." तिने ओढणी पुन्हा डोक्यावर ओढली. मग म्हणाली, "आन् डॉक्टर इचारन, कुठून आणली. मंग काय सांगू? सुधाकरकाकाचं नाव घेऊ? तुया बापानं आमाले कधी रिकाम्या हातानं वापस नाई पाठवलं. मी नाव घेणार नाई. आन् नाव नाई सांगितलं तं ते औषध कशाचं देतीन?"

मी तिचा हात धरला. थंड होता. मी धरलाय हे तिला कळायला वेळ लागला. आधी तिने खाली पाहिलं, मग तिला समजलं.

तिला सायकलवर बसवून घरापर्यंत सोडलं. नेहा मागून चालत आली.

दिवेलागणीला बाबा नवा माल फळीवर लावत होते आणि आई खोकी फोडत होती. मी सगळं सांगितलं. दगड, मुंग्या, गालाचा चिमटा. आई खोकं हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"मी कोणाले असली म्हणून नाई विकली," बाबा म्हणाले. "तोंडानं एकदाबी नाई. लोकाईले नाव पायजे, मी नाव देतो. त्याईले माहीत असते."

"माहीत असते, बाबा. म्हणून तं डोहावर नेतात."

"हळू बोल व," आई म्हणाली. "पाहुणे येऊन राह्यले तिले पाहाले. गवगवा झाला तं पोरीचं लग्न मोडन."

"आन् दुकानबी," बाबा म्हणाले. त्यांनी हे रागाने म्हटलं नाही. त्यांनी ते नवी डबी हातात फिरवत, तिच्यावरचं नाव वाचत म्हटलं. मग डबी उघडली आणि करंगळीवर घेतली. आई एकदम पुढे आली आणि तिने त्यांचा हात धरला. दोघंही त्या करंगळीकडे पाहत राहिले. बाबांनी ती शर्टाला पुसली नाही. बाहेर जाऊन मातीत घासली आणि परत आले.

दुकानात गुलाबाचा वास भरला होता. मी लहान असताना मला तो आवडायचा.

मी गल्ल्यापुढे उभी राहिले. आवाज मोठा करायची गरज नव्हती, तरी तो मोठाच निघाला.

"आई, बाबा, ऐका. उद्या मी शाळेत जाणार नाई, सरावालेबी नाई. सकाळच्या बसनं पूनमताईले आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात घेऊन जाईन. ही डबी संग नेईन. अन् डॉक्टरनं इचारलं, कुठून घेतली, तं ताईले तोंड उघडावं नाई लागणार. मी सांगीन. आमच्या दुकानातून."