पोपटीणीचं पितळी झाकण

कोब्रे गावच्या चढावर गाडी दुसऱ्यांदा आचके देऊन थांबली, तेव्हा निकानोरच्या तोंडून आधी माऊलीचं नाव निघालं, आणि मग जे निघालं ते माऊलीपुढे उच्चारण्याजोगं नव्हतं. सव्वादहा झाले होते. अकराला वर डोंगरातल्या माऊलीच्या देवळात त्याच्या एकुलत्या एका लेकीचं, युस्लेनीचं लग्न. नवरदेव डॉक्टर, आज संध्याकाळच्या बसनं हवानाला आणि तिथून परदेशी नेमणुकीवर, पुरी दोन वर्षं. पाद्रीबाबाही साडेअकराला दुसऱ्या गावी निघणार. म्हणजे लग्न आज, नाही तर दोन वर्षांनी!

गाडीचं नाव कोतोर्रा, म्हणजे पोपटीण. रंगच तसा. सत्तरीची बाई, जन्म अमेरिकेतला, म्हातारपण सांतियागोतलं, आणि पोटात अर्धे अवयव रशियन ट्रॅक्टरचे.

"सांगत होतो ना, दाजी!" मेहुणा रिगो खाली उतरला. "पेट्रोल ओढायच्या पंपाला तुम्ही रेनकोट कापून पडदा बसवता. रेनकोटाला पाऊस कळतो, पेट्रोल नाही."

"त्याच पडद्यावर आठ वर्षं तुझी बहीण बाजाराला जातेय."

"हो, आणि येताना चालत येते."

पहिल्यांदा गाडी थांबली, तेव्हा पंप तापला असेल म्हणून सूर्यफुलं विकणाऱ्या बाईची बादली त्याच्यावर रिकामी केली होती. गाडी सुरू झाली, सगळ्यांनी टाळ्या पिटल्या, आणि दोन किलोमीटरवर पुन्हा तेच. आता निकानोरनं कोट काढला, पाना घेतला आणि पंप खोलला. बोटांना काम पाठ होतं. पडदा सलग. झडपा स्वच्छ. पंप पुन्हा बसवला, कार्बोरेटरकडे जाणारा पाइप सोडून बरणीत धरला. रिगोनं स्टार्टर फिरवला. बरणीत दोन थेंब.

"रेनकोट!" रिगो आतूनच ओरडला.

रस्त्यानं एक ट्रक गेला, माणसांनी खच्चून भरलेला. न थांबता.

"बाबा, ही राखीव बाटली घेतेय."

युस्लेनी उतरली होती. पांढरा झगा कमरेशी खोचलेला, हातात पेट्रोलची बाटली. लहानपणापासून याच बॉनेटखाली वाढलेली पोर! तिनं पंपाकडे टाकीतून येणारा पाइप काढला, त्या जागी रबरी नळीचा तुकडा लावला आणि नळीचं टोक बाटलीत बुडवलं. "मामा, फिरवा!"

आणि काय सांगावं! बरणीत पेट्रोलच्या चिळकांड्या पडायला लागल्या. भरघोस, तालावर.

"पंप ठणठणीत आहे," ती म्हणाली. "त्याला प्यायलाच मिळत नाहीये. मागं काहीतरी आहे."

"टाकी काठोकाठ आहे!" निकानोर म्हणाला. "दीड महिना डब्यांत थेंब थेंब साठवून आज भरलीय."

युस्लेनी मागं गेली. टाकीच्या तोंडावर निकानोरचं नवं पितळी झाकण झळकत होतं. गेल्या महिन्यात कुणीतरी रबरी नळीनं टाकी शोषून नेली, जुन्या झाकणासकट. मग निकानोरनं मित्राच्या लेथवर चार दिवस घालवून हे घडवलं होतं. रबराची चकती, वर कुलूप. सगळ्या गल्लीला त्यानं ते मिरवून दाखवलं होतं.

"बाबा, तुम्ही म्हणाला होतात, यातून मुंगी शिरणार नाही."

"नाहीच शिरणार!"

"मग हवा कुठून शिरते?"

निकानोरनं झाकणावरून बोट फिरवलं. जुन्या झाकणाला सुईएवढं भोक होतं. पेट्रोल बाहेर पडतं, तेवढी हवा आत यावी लागते. त्याला हे ठाऊक नव्हतं का? चोराच्या धसक्यात तो भोकच विसरला होता. अर्ध्या टाकीत हवा भरपूर, म्हणून बाजारापुरत्या फेऱ्यांत ही चूक उघडी पडली नव्हती. मघाशीही गाडी बादलीनं नव्हे, थांबलेल्या वेळात कुठून तरी झिरपलेल्या थोड्याशा हवेनं सुरू झाली होती.

किल्ली फिरवली. झाकण सुटलं, आणि टाकीनं असा लांबलचक श्वास ओढला, जणू पाण्यात बुडी मारलेलं माणूस वर आलं. रिगो आत नाचायलाच लागला.

"पण उघडं तोंड घेऊन? धूळ जाईल," निकानोर म्हणाला.

टर्रकन आवाज झाला. युस्लेनीनं डोक्यावरच्या जाळीदार ओढणीचा कोपरा फाडला होता.

"अगं, आईनं तीन महिने विणलीय ती!"

"आईला सांगताना तुम्ही पुढे व्हा."

जाळीची चौपदर घडी टाकीच्या तोंडावर बसली, वरून माऊलीसाठी घेतलेल्या सूर्यफुलांच्या गुच्छाची फीत. पाइप जागेवर गेले. कोतोर्रानं एकदा खाकरून घसा साफ केला आणि अशी गायला लागली, की निकानोरचे डोळे भरून आले. रिगो खिडकीबाहेर अर्धा लोंबकळत ओरडत होता, "बाजूला व्हा, नवरी येतेय!" माणसं घरांतून बाहेर येऊन हात हलवत होती. देवळात अकराची पहिली घंटा झाली तेव्हा शेवटचं वळण होतं, आणि दुसरीला गाडी पायऱ्यांशी.

पायऱ्यांवर वाट बघत थांबलेल्या बायकोनं आधी लेकीला मिठी मारली, मग ओढणीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. निकानोर पुढे झाला नाही. तो रिगोच्या मागं गेला.

पाद्रीबाबांनी साडेअकराला पाच मिनिटं असताना आशीर्वाद दिला. नंतर सगळे फोटोला उभे राहिले, तेव्हा निकानोर हळूच माऊलीपुढे गेला. तिथं लोकांनी नवस फेडून ठेवलेल्या वस्तू होत्या: पदकं, कुबड्या, सैनिकाचे बूट, कापलेल्या वेण्या. त्यांत त्यानं ते पितळी झाकण ठेवलं, कुलपासकट.

"घे आई," तो पुटपुटला. "पण भोकाचं झाकण होईस्तोवर टाकीवर लक्ष तुझंच."